पाठ पाण्याकडे

१

रोज सकाळी साडेआठला मुलगा आणि सून कामाला जातात. प्रीतम वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपला, रुचिता ठाणे स्टेशनजवळच्या लॅबमध्ये. त्यानंतर घरात मी आणि शेवंती. शेवंती माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. चारपाच शब्द उरले आहेत, तेही हवे तेव्हा येत नाहीत.

तिचं सगळं मी करतो. अंग पुसतो, पेज भरवतो, दर दोन तासांनी कूस बदलतो. पाठीला अजून एक जखम नाही. डॉक्टर म्हणाले, असं दवाखान्यातही होत नाही. बाई ठेवायचं प्रीतमने दोनदा काढलं. मी नको म्हटलं.

घर कोपरीला, खाडीच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर. बाहेर हॉल, आत आमची खोली. खोलीत लोखंडी खाट आणल्यावर दार आत उघडेना. तेव्हा सुधीर सुताराने ते उलटं बसवलं. आता ते हॉलमध्ये उघडतं.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला दुपारी बाराच्या जरा आधी मी शेवंतीचं अंग पुसलं, बादली उचलली आणि दार ढकललं. दार हललं नाही.

कडी लागलेली नव्हती. बादली खाली ठेवून दोन्ही हातांनी ढकललं, मग खांदा लावला. अडकलेलं दार एका कोपऱ्यात अडकतं. हे वरपासून खालपर्यंत सारखं दाबलेलं होतं. खांद्याने जोर केला तेव्हा ते सुतभर पुढे गेलं. मग त्याने मला मागे ढकललं. धक्का नाही. सावकाश, न थांबता, जितका माझा जोर तितकाच आणि वर थोडा.

मी खाटेवर बसलो. दहा मिनिटांनी दार आपोआप सैल झालं आणि हॉलमध्ये वीतभर उघडलं. हॉल होता तसा होता. पंखा, टीव्ही, रुचिताने वाळत टाकलेले कपडे.

२

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

सुधीरला बोलावलं. तो सकाळी नऊला आला. दार दहा वेळा उघडून मिटून पाहिलं, कडेने रंधा मारला, भुसा माझ्याच घरात टाकला.

लाकूड फुगतं, म्हणाला. पौष लागला, पाऊस जाऊन तीन महिने झाले, आता कसलं फुगतं, असं मी विचारलं. त्यावर तो हसला.

"मग बिल्डिंग बसली असेल, दौलतबाबा. भरणीवरची आहे. भरणी कोणी केली ते तुम्हीच सांगा."

मी त्याला चहा न देता घालवला. पण त्याचं म्हणणं मला पटलं होतं. बिल्डिंग बसते. चौकट वाकते. दुपारच्या उन्हाने एक भिंत तापते, दार आवळतं. मी चौथी शिकलेला माणूस, पण ऊन, लाकूड आणि माती मला कळते.

फक्त वेळ जुळत नव्हती. ऊन रोज त्याच वेळी येतं. दार रोज पाऊण तास उशिरा मिटत होतं.

पाऊण तास. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आमच्या टोकाला पाणी पोचायला आणखी पाऊण तास धरायचा. घड्याळ लागत नाही, कॅलेंडर लागत नाही. त्या दिवशी तृतीया होती. तीनाची पाऊणपट सव्वादोन. त्यात पाऊण मिळवला. तीन.

मी पावणेतीनला मुद्दाम खोलीत गेलो आणि दार लोटलं. दहा मिनिटांनी ते घट्ट बसलं. तीन वाजून गेले तसं सुटलं.

३

हे सगळं पूर्वी खाडीत होतं. बिल्डिंग, रस्ता, पलीकडची शाळा, सगळं.

माझ्या पणजोबाने तिवरं तोडून पहिला बांध घातला. चिखलाचाच बांध, चिखल थापून थापून. आजोबाने तो पुढे नेला. बापाने आणखी पुढे. बांधाच्या आत पावसाचं पाणी साठवून मीठ धुवायचं, तीन वर्षांनी भात लावायचा. भात चांगला यायचा. नंतर कारखाने आले, खाडीचं पाणी कधी तांबडं कधी काळं यायला लागलं, मासळी गेली. मग आम्हीच ते खार, म्हणजे बांधाआतलं शेत, विकलं. बिल्डरने मला भरणीवर मुकादम नेमलं, कारण पाणी कुठून शिरतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. डंपर राडारोडा टाकायचे. खालून चिंबोऱ्या वर यायच्या. त्यांच्यावर दुसरा डंपर. मी शिटी मारायचो. एक महिना हे चाललं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही खोटं सांगणार नाही. चार पिढ्या आम्ही खाडीला मागे सारलं. काम पुरं करणारा मी.

भरणीच्या आधी एकवीस वर्षं मी उघाडी राखली. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. भरतीला बाहेरचं पाणी तिला दाबतं आणि ती मिटते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं. तिला हात लावायचा नसतो. नुसतं लक्ष ठेवायचं.

आमच्या खोलीचं दार उघाडीसारखं वागत होतं. हे मी मनात म्हटलं, आणि म्हटल्यावर मलाच राग आला. तिसरा मजला. खाली पार्किंग, तिथे गाड्या. पाणी असतं तर दाराखालून आलं असतं. मी दाराखाली बोट फिरवलं. फरशी कोरडी होती. बोटाचा वास घेतला. वासही नव्हता.

४

अष्टमी शुक्रवारी आली. शुक्रवारी इस्टेट बंद, प्रीतम घरी.

तो दिवसभर लोळत होता. संध्याकाळी पावणेसातला दार मिटलं तेव्हा मी आत होतो. मी हाक मारली. त्याने बाहेरून एका हाताने दार उघडलं. दुसऱ्या हातात मोबाइल होता.

अष्टमीच्या भरतीत जोर नसतो. ते भांगाचं पाणी, पोरही थोपवेल. पण हे त्याला कसं सांगणार?

"दाराला काही झालं नाही, बाबा," तो म्हणाला. "तुमचे हात गेलेत."

जेवताना त्याने विषय काढला. मानपाड्याला एक सेंटर आहे, आडव्या पडलेल्या माणसांना ठेवतात. तो गेलेला बघायला. स्वच्छ आहे, नर्स आहे. तिथला सुशांत नावाचा माणूस गुरुवारी दुपारी घरी येऊन आईला बघून जाईल. घरी सगळं नीट होतंय असं त्याला वाटलं तर राहू दे आईला इथेच. नाही वाटलं तर मग बोलू.

रुचिता ताटात बघत होती. ती म्हणाली, बाबा करतात सगळं, पण उद्या तुम्हीच पडलात तर? ती वाईट बोलली नाही.

"गुरुवारी येऊ दे," मी म्हटलं. "दार मी उघडीन."

प्रीतम म्हणाला, "तेवढंच तर बघायचंय."

त्यानंतर दाराबद्दल कोणाला काही सांगायचं नाही हे मी ठरवलं. दार उघडता येत नाही असं एकदा तोंडातून गेलं असतं, तर शेवंती गेली असती. पंचावन्न वर्षं ती माझ्याशिवाय एक रात्र कुठे राहिलेली नाही. तिथे तिची कूस कोण बदलणार? दोन तास म्हणजे त्यांचे किती तास?

५

अष्टमीपासून पाण्याला जोर चढत जातो. मी बोटांवर मोजत गेलो. भरती दिवसातून दोनदा, पण रात्रीच्या वेळी आम्ही दार लावून झोपलेले असतो. सोमवारी एकादशी, सकाळी नऊ वाजता. मंगळवारी द्वादशी, पावणेदहा. बुधवारी तेरस, साडेदहा. वेळ एकदाही चुकली नाही. पाणी परतायच्या वेळी दार सुटायचं, पण मिटायचं रोज आधी. सोमवारी वीस मिनिटं, बुधवारी तासभर.

मंगळवारी मी शेवंतीला खुर्चीत घालून आधीच हॉलमध्ये न्यायचं ठरवलं. तिला उचलायला गेलो तर तिने डाव्या हाताने खाटेचा गज धरला. मी बोटं सोडवायला लागलो. तिने तोंड वाकडं करून शब्द काढला. सहा महिन्यांत ती बोलली नव्हती.

"पानी आयलाय."

"कुठे आयलाय गं?" मी विचारलं. वाटलं, ती हॉलकडे बघेल. ती माझ्याकडे बघत होती.

मी तिला राहू दिलं. हॉलच्या बाजूला पाणी असेल तर कोरडी बाजू खोलीचीच, असा विचार मी केला. उघाडीचा माणूस असाच विचार करणार.

बुधवारी दार उघडं ठेवून बाहेरून भरलेला गॅसचा सिलिंडर टेकवला. मी आत उभा राहून बघत होतो. साडेनऊला दार हळूहळू यायला लागलं. सिलिंडर त्याच्याबरोबर सरकत आला. फरशीवर लोखंड घासलं तर आवाज होतो. आवाज झाला नाही. चिखलावरून होडी सरकते तसा तो आला, फटीतून मला दिसेनासा झाला आणि दार बसलं.

त्या तासात मी दाराला कान लावला. पाण्याचा आवाज असता तर मी ओळखला असता. पाण्याचा नव्हता. पलीकडे कोणीतरी दमल्यासारखं श्वास घेत होतं. एक नाही, बरेच. मग वाटलं, तो माझाच श्वास दारावरून परत येतोय. मी श्वास रोखला. नंतर माझं काळीज इतकं वाजायला लागलं की दुसरं काही ऐकू येईना.

दार सुटलं तेव्हा सिलिंडर स्वयंपाकघरात त्याच्या जागेवर होता.

६

गुरुवार. माझ्या हिशेबाने चौदस. चौदाची पाऊणपट साडेदहा, त्यात पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. सुशांत दुपारी येणार होता. सव्वाअकराला पाणी परतेल, दार सुटेल, तो येईपर्यंत शेवंतीला नवं पातळ नेसवून बसवलेली असेल. सगळं बसत होतं.

दार दहाच्या आधीच मिटलं. मी घाबरलो नाही. तिला नेसवलं, केस विंचरले, पावडर लावली. सव्वाअकरा झाले. दार ढकललं. सुटलं नव्हतं. साडेअकरा झाले. हात लावला तर आधीपेक्षा घट्ट.

आणि मला एकदम मोकळं वाटलं. पाणी परतून पाव तास झाला होता. पाणी असतं तर दार सुटलंच असतं. सुटलं नाही, म्हणजे पाणी नव्हतंच. म्हणजे सुधीर म्हणाला तेच खरं. बिल्डिंग बसली, चौकट वाकली. पंधरा दिवस मी म्हाताऱ्या बाईसारखा भुतं मोजत होतो. मला हसू आलं.

तेवढ्यात बेल वाजली. बाहेरच्या दाराची. मग पुन्हा. मग मोबाइल. सुशांत होता. "काका, खाली वॉचमन म्हणाला घरीच आहात. दार उघडता ना?"

"आलो," मी म्हटलं. "दोन मिनिटं."

खाटेखाली माझा कोयता असतो. तिवरं तोडायचा, बापाचा. रुचिताला आवडत नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि दाराच्या खालच्या अंगाला घाव घातला. आजकालची दारं पोकळ असतात. वरची फळी फुटली, आतला कागदी पुठ्ठा फाटला, चौथ्या घावाला पलीकडची फळीही गेली. हात जाईल एवढं भोक झालं. आणखी दोन घाव घालून ते रुंद केलं, की दाराखाली जे अडकलंय ते मोकळं करता येईल. मी वाकून पाहिलं.

फरशी दिसायला हवी होती. सोफ्याचा पाय दिसायला हवा होता.

भोकात चिखल होता. राखाडी, ओला, आमच्या खाडीचा. तो आत आला नाही. भोकाच्या तोंडाशी थांबला होता, कारण त्याच्या मधोमध काहीतरी आडवं होतं. मला आधी तिवराचं मूळ वाटलं. मग त्यावर मणके दिसले, एकामागे एक. त्याच्या दोन्ही बाजूंनी बरगड्या वर खाली होत होत्या.

ती पाठ होती.

हे काय आहे ते मला शिकवायला नको. बांधाला खांड पडली, पाणी शिरायला लागलं आणि चिखल टिकेना, की आमच्यात एक माणूस त्या खांडीत आडवा पडायचा. त्याच्या अंगाने पाणी अडायचं, तेवढ्यात बाकीचे त्याच्या भोवती चिखल थापायचे. मी दोनदा पडलो आहे. पडायची रीत एकच. तोंड शेताकडे करायचं, म्हणजे श्वास घेता येतो. पाठ पाण्याकडे.

मला पाठ दिसत होती. म्हणजे शेत तिकडे होतं.

मी कोयता ठेवला आणि मागे वळून खोलीत पाहिलं. खिडकी, तिच्याबाहेर समोरच्या टॉवरची क्रेन. खाट. शेवंती मघासारखीच माझ्याकडे बघत होती.

मोबाइल वाजला. मला वाटलं सुशांत. रुचिता होती, लॅबमधून. तिने पटापट सांगितलं, बाबा, फ्रिजमधली सुकट आज गरम करू नका, आईंना पण देऊ नका, पौर्णिमा आहे, सकाळी सांगायचं राहिलं.

"आज चौदस," मी म्हटलं.

"नाही, बाबा. चौदसीचा क्षय आहे यंदा. काल तेरस, आज पौर्णिमा. कॅलेंडर बघत जा ना."

पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वर पाऊण. बारा. मी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. भरती अजून वीस मिनिटं चढणार होती, उधाणाची, आणि ऐन जोरात मी बांध फोडला होता.

सुशांतची बेल थांबली होती. भोकाकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं. पाठीच्या वरच्या फटीतून एक हात आला आणि चिखलाचा गोळा दाबून गेला. मग दुसरा हात, वेगळा, लहान. ते घाईत होते. आम्हीही असेच घाईत असायचो. गोळा, थाप, गोळा, थाप. मी ओरडलो, "अरे थांबा, आम्ही माणसं आहोत." पाठ शहारली. तिच्यावर काटा आला तो मी पाहिला. मग चिखलाने ती झाकली.

७

बारा वाजले. पाणी परतलं असेल. दार सुटलं नाही.

ते सुटणार नव्हतं. ओहोटी लागली की काय करतात ते मला ठाऊक आहे. खांड तात्पुरती बुजवून कोणी घरी जात नाही. पाणी उतरलं की पुन्हा येऊन तिथे दुप्पट रुंद बांध घालतात, फळ्यांनी धोपटून पक्का करतात, म्हणजे त्या जागी परत कधी फुटत नाही. दुपारभर धोपटण्याचा आवाज येत होता. चार वाजता तो थांबला. मी भोकात कोयता घालून पाहिला. आतला चिखल वाळला होता. पातं वाकलं.

खिडकीला ग्रिल आहे. मी समोरच्या क्रेनवाल्याला हात केले. त्याने एकदा इकडे पाहिलं आणि डबा खायला बसला.

प्रीतमला फोन लावायचा होता. दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवला. दार उघडता येत नाही, हे त्याला कसं सांगायचं? खोलीत अर्धी बादली पाणी होतं, सकाळची पेज होती. दोन, चार, सहा, प्रत्येक वेळी मी शेवंतीची कूस बदलली.

सात वाजता त्याचाच फोन आला.

"बाबा, कुठे आहात?"

"घरी," मी म्हटलं.

"मी घरीच उभा आहे ना." त्याचा आवाज चढला होता. "सुशांत म्हणाला बेल मारून परत गेला. आईला घेऊन कुठे गेलात? तिला उचललंत कसं तुम्ही?"

मी दाराकडे सरकलो आणि कान लावला. मोबाइलमध्ये मला त्याच्या मागे टीव्हीचा आवाज येत होता, रुचिता भांडी काढत होती. दारातून काहीच येत नव्हतं.

"खोलीत बघितलंस?" मी विचारलं.

"खोलीतच आहे. रिकाम्या खाटेपाशी."

"दार?"

"दार उघडं आहे, बाबा."

"त्याला खाली भोक आहे का बघ. कोयत्याचं."

मोबाइलमध्ये त्याची पावलं वाजली. मग म्हणाला, "भोक नाहीये. कसलं भोक? बाबा, तुम्ही बरे आहात ना? आई आहे ना तुमच्याजवळ?"

शेवंतीने डावा हात पुढे केला होता. मी खाटेवर तिच्या शेजारी बसलो आणि तो धरला. हात गरम होता. तिला कूस बदलायची होती, ती तोंडाने सांगत नाही, मला कळतं.

"माझ्याजवळ आहे," मी म्हटलं. "तुम्ही जेवून घ्या."